शेवटच्या चेंडूला मी उठले म्हणे

रविवार, धारूर

भारताचा सामना बरोबरीत सुटला आणि खापर माझ्यावर! अटीतटीच्या वेळी आमच्या घरात कुणी जागा सोडत नाही. जिंकायला एक धाव हवी होती, दिवेलागण झाली म्हणून मी देवापाशी दिवा लावायला उठले, तेवढ्यात शेवटचा गडी झेलबाद.

"वहिनी, उठल्या कावून? बुधवारच्या मॅचला आतच बसा तुमी," धाकटे दीर म्हणाले.

आत? कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर रेडिओवर कॉमेंट्री ऐकू द्यायच्या, तेव्हापासूनचं माझं हे वेड. एक धाव! उंच मारायची गरजच काय होती? हे असते तर माझीच बाजू घेतली असती.

"भाऊजी, झेल मी दिला का?" मी विचारलं.

टीव्हीसमोरच्या खुर्चीवर एसटीत टाकतात तसा रुमाल आत्ताच टाकून आलेय. बुधवारी दिवाही लावीन.