नकाशात नसलेली चारी

मंगळवार, दिवस मावळताना. निरवांगी.

आज रस्त्याच्या सायबाला लई बोलले. जास्तच झालं का? होऊ दे. नव्या रस्त्याचा भराव टाकताना उसाला पाणी आणणारी आमची चारी बुजवली. परवा कालव्याच्या पाण्याची आमची पाळी, मग ऊस वाळवायचा व्हय?

"मावशी, नकाशात इथं चारी नाही," म्हणतो.

नकाशा म्हणे! मी म्हटलं, "तुमी मोजायला आला तवा पाणी बंद हुतं, चारीत उसाचं वाळकं पाचट पडलेलं, म्हणून दिसली न्हाय. या, दावते." मीच फावडं घेतलं. हातभर उकरल्यावर चारीची फरशी लागली. सायबानं वाकून फरशी बघितली.

मग म्हणाला, "उद्या भरावाखालनं पाइप टाकतो."

"दोन टाका," म्हटलं. शेजारच्या तात्यांची चारीबी बुजलीय, पण त्यांना बोलायची लाज वाटती. मला न्हाय वाटत.