वाऱ्याआधी पोचणारा

सोमवार, १ जुलै. सकाळी ६.

आजपासून सुरुवात. ही वही कचेरीतली, पण काम माझं स्वतःचं.

आधी परवाचं लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. महेंबाच्या गावी, म्हणजे माझ्या बायकोच्या, लेबाच्या माहेरी, मयताचं जेवण होतं. ताडी जरा जास्त झाली असं लोक म्हणतात. दोनच पेले होते. मग माइक हातात आला. मी म्हणालो की २८ सप्टेंबरला महेंबाच्या नव्या घराचं छप्पर चढेल, त्या दिवशी मी त्याला माझ्या हाताने शिकवलेला घोडा आणून देईन. घोड्याचं नावही सांगून टाकलं: वाऱ्याआधी पोचणारा.

आमच्या कोडी भागात घोड्याचं नाव माणसाला लागतं. बाबांना सगळे 'समुद्र ओलांडणारा' म्हणायचे, ते त्यांच्या घोड्याचं नाव. मी पंचेचाळिसाव्या वर्षीही नुसता पेत्रुस. माझ्या बरोबरीच्या प्रत्येकाला घोड्याचं नाव आहे. यात लाज वगैरे काही नाही, फक्त नोंद करतोय.

महेंबा म्हणाला, वा दाजी, झकास! मग तोवर आमची बहीण इथंच राहील. घोडा आला की न्या. सगळे हसले. लेबा हसली नाही. मोटरसायकलवरची पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, बावीस वर्षं ऐकतेय, एकदा बघू तरी.

थट्टाच असणार. उद्यापर्यंत येईल.

बुधवार, ३ जुलै.

आली नाही.

चुलतभावांनी माळावरून शिंगरू पकडून आणलं. दोन वर्षांचं, तांबडं, कपाळावर पांढरा ठिपका. घरामागच्या दगडी कुंपणात सोडलंय. ते म्हणाले, उद्याच समुद्रात ने, छातीभर पाण्यात उभा केला की उड्या मारता येत नाहीत, आठवड्यात गार होतो. आमच्याकडे सगळे असंच करतात.

मी करणार नाही. मोबाइलवर एका परदेशी शिक्षकाचे अकरा व्हिडिओ उतरवलेत. घोड्यावर बसायच्या आधी जमिनीवरचं काम करायचं असतं. विश्वास, मोरखी, दोरी, चालणं, थांबणं, मागे सरणं. कचेरीत रंगीत तक्ता छापला. बारा आठवडे, बारा चौकोन.

पहिला आठवडा: विश्वास. घोड्याला स्वतःहून जवळ येऊ द्यायचं. मी कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसलो.

अंतर: आठ मीटर.

शनिवार, ६ जुलै.

अंतर: आठ मीटर. विश्वास मजबूत होतोय.

बुधवार, १० जुलै. संध्याकाळी.

कुंपणात गेलो. घोडा वळून बघायला लागला, म्हणून त्याला वेळ द्यायला बाहेर आलो. व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय की घाई नको.

आई दिवसभर कुंपणाच्या दगडावर बसून असते. पान चघळते, शिंगराशी बोलते. बोलते म्हणजे काय, तर शेजारणीच्या डुकराचं, गुडघ्याचं, पाद्र्याच्या लांबलेल्या प्रवचनाचं. मक्याची सालं भरवते. मी तिला शांतपणे समजावलं की अशाने जनावराची सवय बिघडते, प्रशिक्षणात एकच आवाज असावा लागतो. ती म्हणाली, बरं बाबा, आणि त्याच्या कानामागे खाजवत राहिली.

सोमवार, २२ जुलै.

कचेरीत आज जेम्स तारीने विचारलं, काय रे पेत्रुस, वारा सुटला का? सगळे टेबलावर डोकं ठेवून हसले. मी कामात होतो.

संकल्प: उद्यापासून पहाटे साडेचारला उठायचं.

मंगळवार, २३ जुलै. ७.१०.

डावा हात दुखत होता, म्हणून उठलो नाही. नवव्या वर्षी बाबांच्या घोड्यावरून मी जरा घाईने उतरलो होतो, तेव्हापासून हा हात हवामान सांगतो. बाकी त्या प्रसंगाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

गुरुवार, १ ऑगस्ट.

लेबाला फोन केला. महेंबाच्या बायकोने उचलला. म्हणाली, वन्सं विणायला बसल्यात, घोडा बोलणार असेल तर देते. मागून बायकांचं हसणं.

घर फार शांत आहे. पोरगी कुपांगला कॉलेजात, लेबा तिकडे. आई असते, पण ती घोड्याशी बोलते.

शनिवार, ३ ऑगस्ट.

मोरखीचा आठवडा. घोड्याच्या तोंडावर दोरीची मोरखी सरळ चढवायची नसते, आधी तिची ओळख करून द्यायची असते. मी ती खुंटावर टांगून ठेवली. घोडा तिच्याकडे बघतो. मी घोड्याकडे बघतो. चार मीटरचा बांबू हातात असतो, मारायला अजिबात नाही, फक्त अंतर कळावं म्हणून.

अंतर: चार मीटर. निम्मं झालं!

गुरुवार, ८ ऑगस्ट. सकाळी.

अविश्वसनीय. उठून बघतो तर मोरखी घोड्याच्या डोक्यावर. नीट, गाठीसकट. रोज बघून बघून त्याने स्वतःच डोकं घातलं असणार. व्हिडिओतल्या माणसालासुद्धा हे जमलेलं नाही. चौथा चौकोन हिरवा केला.

आईला सांगितलं. ती म्हणाली, हो का, हुशार आहे. कोण ते बोलली नाही, पण माझ्याकडेच बघत होती.

मंगळवार, १३ ऑगस्ट.

घोडा पोटापर्यंत ओला. दव पडलं असावं. आमच्याकडे हा कोरडा हंगाम, मे महिन्यापासून थेंब नाही आणि गवत कुरकुरीत आहे, पण समुद्राकडच्या हवेचं काही सांगता येत नाही. आईचं लुगडंही ओलं होतं. ती हल्ली कपडे धुवायला विहीर सोडून समुद्रावर जाते. म्हातारपणी माणसं हट्टी होतात, मी काही बोलत नाही.

रविवार, १८ ऑगस्ट. चर्चनंतर.

लांब दोरीवर गोल फिरवण्याचा धडा. शिक्षक मधे उभा राहतो आणि घोडा भोवती फिरतो. आज घोडा मधे उभा होता. त्याची नजर माझ्यावरून हटू नये म्हणून मी भोवती फिरलो. सत्तावीस फेऱ्या. तत्त्व तेच आहे.

चुलतभाऊ कुंपणावर बसून मका खात होते. एक म्हणाला, घोडा चांगला शिकवतोय. मी आभार मानले.

सोमवार, २ सप्टेंबर.

महेंबा स्वतः आला. छपरासाठी वेळू बघायला आलो म्हणाला. वेळू त्याच्याच गावात आमच्यापेक्षा चांगला आहे.

कुंपणापाशी बराच वेळ उभा राहिला. मी तक्ता दाखवला, त्याने नीट वाचला. मग म्हणाला, दाजी, खरं सांगू? तिनेच मला पाठवलंय. म्हणते, जमत नसेल तर नुसतं येऊन सांगा, मी पिशवी भरून येते. मी पण थट्टाच केली होती त्या दिवशी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मी मोठ्याने हसलो. म्हणालो, तिला सांग, अठ्ठावीस तारखेला ओटा झाडून ठेव. महेंबाने पान थुंकलं आणि म्हणाला, तुमची मर्जी.

तो गेल्यावर मोटरसायकल काढली. अर्ध्या रस्त्यापर्यंत गेलो, कोरड्या ओढ्यापाशी. तिथून परत आलो. पेट्रोल बघायचं होतं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर.

झोप लागत नाही. जेवण जात नाही. सारखा उठून तक्ता बघतो, परत बसतो, परत उठतो. आठ चौकोन हिरवे, चार पांढरे, दिवस पंधरा. कचेरीत एका म्हाताऱ्याच्या दाखल्यावर त्याच्या नावाच्या जागी 'तांबडा, दोन वर्षे' लिहिलं. जेम्स तारीने तो सगळ्यांना वाचून दाखवला.

शनिवार, १४ सप्टेंबर.

आई झोपेतून उठून बघते तर पाठ धरलेली, म्हणून आधाराला घोड्याच्या पाठीवर ओणवी झाली. चांगली दहा मिनिटं. घोडा उभाच. मी ओरडलो, आई, सरक, धोका आहे! ती म्हणाली, ऊबदार आहे रे, तूही ये, शेक बसेल हाताला.

मला कचेरीत जायचं होतं. आज शनिवार आहे हे रस्त्यात लक्षात आलं.

अंतर: तीन मीटर. कुंपण धरून.

शुक्रवार, २७ सप्टेंबर.

उद्या. सगळी तयारी झाली. नवा शर्ट, नव्या चपला, सहा मीटरची दोरी, बांबू. नऊ किलोमीटर. चढून जाणार नाही, घोड्याला दमवून पाहुण्यांपुढे उभं करणं बरं दिसत नाही. हातात दोरी धरून चालत जाणार. उरलेले चार चौकोन एकदम हिरवे केले, कारण ते रस्त्यात आपोआप होतील.

आई म्हणाली, मी पहाटेच भाड्याच्या मोटरसायकलने पुढे जाते, तिकडे स्वयंपाकाला हात लागेल. जाताना दोरी मोरखीला बांधून जाईन, तुझा वेळ वाचेल.

लेबा निळं वस्त्र नेसून ओट्यावर उभी असेल. मी काही बोलणार नाही. नुसती दोरी महेंबाच्या हातात देईन.

शनिवार, २८ सप्टेंबर. सकाळी ६.१५.

निघालो. ही वही खिशात आहे.

७.०५.

चाललाय! स्वतःहून चाललाय! खरं तर तो पुढे आहे आणि मी मागे, पण दोरी माझ्याच हातात आहे. बाजारातल्या बायकांनी बघितलं. एकीने विचारलं, कुठे नेतोय तुला तो?

७.४०. कोरडा ओढा.

गेला.

मी थांब म्हटलं. त्याने कान टवकारले, रस्त्याचा वास घेतला आणि निघाला. तळहात सोलला. दोरी गेली, बांबू मोडला, डाव्या चपलेचा अंगठा तुटला. मोटरसायकल घरी. पाच किलोमीटर पुढे, चार मागे.

आधी मागे वळलो. मग उभा राहिलो. इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं. मग पुढे निघालो.

रविवार, २९ सप्टेंबर. दुपारी.

काल लिहायला जमलं नाही.

वाटेत तीनदा परत फिरलो, दुपारी सव्वा वाजता पोचलो, एका चपलेवर. दोनशे माणसं जेवत होती. घोडा नव्या छपराच्या सावलीत उभा, आईच्या मांडीवरच्या सुपातला मका खात होता. आठ वाजताच आला म्हणे, सरळ आईपाशी.

महेंबाने माइक घेतला. म्हणाला, मंडळी, 'वाऱ्याआधी पोचणारा' सकाळीच पोचलाय, शब्द खरा झाला. आता टाळ्या 'मागून येणारा' यांच्यासाठी! म्हातारे डोळे पुसत हसले. त्यानंतर तिथं मला पेत्रुस आईशिवाय कोणी म्हटलंच नाही. पाणी दिलं तेसुद्धा, घ्या मागून येणारे, असं म्हणून.

मग त्याने विचारलं, शिकवला कोणी? आईने माझ्याकडे बघितलंही नाही. पान गालात सारून म्हणाली, पेत्रुसने.

लेबा ओट्यावरून खाली आली. निळं वस्त्र नव्हतंच, स्वयंपाकाचं जुनं होतं. म्हणाली, मग लावा हात त्याला.

मी म्हणालो, दमलाय तो. म्हणालो, उन्हात जनावर चिडतं. म्हणालो, माझा हात सोललाय, संध्याकाळी बघू. तिने वस्त्राला हात पुसले. मग हळू म्हणाली, नवव्या वर्षी पडलात, हात मोडला, पुन्हा घोड्याजवळ गेला नाहीत, हे अख्ख्या कोडीला ठाऊक आहे. सासूबाईंनी मागणी घालतानाच माझ्या आईला सांगितलं होतं. मी सगळं ऐकून हो म्हटलं. मला घोडा कधी हवा होता?

छत्तीस वर्षं मी समजत होतो की हे फक्त मला माहीत आहे.

म्हणालो, नाही जमत मला. भीती वाटते. तीन महिन्यांत एकदाही हात लावला नाही.

महेंबाचा माइक चालूच होता. ओढ्यापलीकडच्या शेतातसुद्धा ऐकू गेलं असणार. कोणी हसलं नाही, याचंच मला जास्त रडू आलं. महेंबाने माइक बंद केला आणि सगळ्यांना भात वाढायला लावलं.

लेबाने माझं मनगट धरलं, डाव्या हाताचं, आणि घोड्याच्या मानेवर ठेवलं. तो थरथरला. मीही थरथरलो. मग दोघंही थांबलो. आई म्हणाली होती तसा तो खरंच ऊबदार आहे. कातडीखाली एक शीर उडत होती. किती वेळ उभा होतो माहीत नाही, भात गार झाला.

अंतर: शून्य.

घोडा तिथंच राहिला, शब्द दिलेला होता. संध्याकाळी आम्ही महेंबाच्या गाडीतून घरी आलो, आई पुढे, मी आणि लेबा मागे पिशव्यांबरोबर. आज सकाळी सवयीने कुंपणापाशी गेलो. मोकळं होतं. लेबाने आतून हाक मारली, कॉफी झाली हो, मागून येणारे.

तक्ता फाडला नाही. खाली आईचं नाव लिहिलं.

हाताला अजून त्याचा वास येतोय. आई म्हणते, जेवायला बसायच्या आधी हात धू. म्हटलं, धुतो थोड्या वेळाने.