ऑस्कर, आठ गोल्डफिश आणि अक्का

४ फेब्रु.
नणंद नांदेडहून येऊन तिसरा दिवस. दोन पिशव्या. मुक्काम किती, विचारायची सोय नाही. दिवसभर माशाच्या टाकीसमोर ठाण. ‘एवढ्या पान्यात एकलाच? करमत कसं आसंल गं त्याला?’ सांगितलं, अक्का, हा ऑस्कर जातीचा. मोठा झाला की दुसऱ्याला पाण्यात टिकू देत नाही. ऐकल्यासारखं तोंड केलं. ह्यांनी आणला तेव्हा बोटाएवढा होता, आता वीतभर. हे गेल्यापासून मी दार उघडल्यावर हलणारा तेवढा एकच जीव घरात. मला तो हवाय. असाच, एकटा.

७ फेब्रु.
अक्काला मोबाइलवर कुणी वास्तुवाला भेटलाय. आठ सोनेरी, एक काळा, की घरात बरकत. सकाळी बुद्धवंदना, दुपारी हे. म्हटलं, आपल्यात बसतं का? ‘मासे पाळाय कुठं मनाई हाय?’
पंचवीस वर्षं बायॉलॉजी शिकवत आले, आणि घरात हा उजेड.

११ फेब्रु.
चाकूरला प्रॅक्टिकलची ड्यूटी. संध्याकाळी आले तर टाकीत आठ गोल्डफिश, त्यातले पाच मेलेले. ऑस्कर तळाशी आडवा, कल्ले धापा टाकतायत.
दहा दिवसांनी नळ आला होता. अख्ख्या लातूरसारखं अक्कानंही शिळं पाणी ओतलं, ताजं भरलं. शिळं म्हणजे माशासाठी दोन दिवस उघडं ठेवलेलं माझं टिपाड. ताजं म्हणजे ब्लीचिंगचा वास मारणारं. पाहुण्या माशांसाठी टाकीतही तेच. ‘सोच्छ केलं गं.’ अडाणी आहे म्हणून लोक सोडून देतात. मी नाही सोडलं. नको नको ते बोलले.

१२ फेब्रु.
काल बोलणी खाऊन अक्का घागर घेऊन खाली. गल्लीभर शिळं पाणी मागत फिरली. सगळ्यांनी ओतलेलं. तळमजल्यावरच्या शबाना भाभींकडं तेवढं निघालं, ‘लेके जाओ अक्का, झाडां के वास्ते रखे थे.’ सहा खेपा, तीन जिने, गुडघे धरून. मी टाकीचं पाणी बदलत होते, पण एक घागर तिच्या हातातून घेतली नाही. भोगू दे, असं वाटलं.

१६ फेब्रु.
ऑस्कर सरळ झाला. दाणा घेतला. तीन गोल्डफिश शाबूत. ‘बघ, सोबत लागतीच.’ सोबत कसली, अशक्त आहे म्हणून गप्प आहे. वेगळे काढते म्हटलं. ‘ऱ्हाऊ दे की दोन दिस.’ राहू दिले. एकदा डोळ्यांनी बघू दे.
तिच्या पोराला फोन केला, न्यायला कधी येतोस? ‘राहू द्या ना मामी तिकडंच. तुम्ही बी एकट्याच.’ ह्यालाही वास्तुवाल्यानंच शिकवलं की काय. फोन स्पीकरवर होता. अक्का भाजी निवडत राहिली.

१९ फेब्रु.
सकाळी टाकीत दोनच. अक्का काचेला नाक लावून मोजतेय. ‘खाल्ला का त्यानं?’
हो.
वाटलं होतं, हे सांगताना बरं वाटेल. नाही वाटलं. उरलेले दोन बादलीत काढले. अक्का बादलीशेजारी फरशीवरच बसली. ‘तू म्हनलीच व्हतीस, त्याला कुनी चालत न्हाई.’ मग, ‘मला बी एकदा सांगून टाक सुनंदा. ऱ्हाऊ का जाऊ?’
कॉलेजला उशीर होतोय म्हणाले आणि निघाले.
आज रविवार. तिलाही ते ठाऊक आहे. बसस्टँडच्या बाकड्यावर बसून लिहितेय.