मजीदने राखलेली उसंत

पावस, मार्चअखेर

प्रिय मजीद,

फोन उचलत नाहीस म्हणून हाशिमच्या हाती हे पत्र देतोय. तुझा मुलगा तुझ्याएवढा हट्टी नाही, पोचवील.

आपल्या आंब्याच्या पल्पच्या फॅक्टरीतला, सगळी यंत्रं चालवणारा तो जुना पीएलसीचा खोका परवा उतरवला. तू कुवेतला जाण्याआधी आपण दोघांनी बसवलेला, तोच. बिघडला नव्हता, पण त्याचे सुटे भाग आता कुठे मिळत नाहीत, म्हणून नव्या मॉडेलचा प्रोसेसर आला. वायर मात्र एकही बदलू दिली नाही मी. आपण चढवलेले नंबर जसेच्या तसे आहेत, एक पुसट झाला होता तेवढा नवा घातला. प्रोग्राम नव्यात घ्यायला पुण्याहून मनस्वी मॅडम आल्या होत्या. मुलगी हुशार. स्क्रीनवर नावं उमटली तशी थबकली आणि मला विचारायला लागली की काका, हे बांगडा काय आहे? पल्पचा पंप, म्हटलं. सुरमई म्हणजे वाफेचा व्हॉल्व्ह, आणि मोरी म्हणजे लाल बटण, दाबलं की सगळं बंद. नावं कशी द्यायची ते आपल्याला शिकवलं होतं कोणी? तुझे मासे आणि माझी स्पेलिंगं. खूप हसली, पण नावं तशीच ठेवलीन.

एकाच नावाचा अर्थ मला लागेना, कालव. आंबे यंत्रात नेणारा पट्टा थांबून पुन्हा सुटण्याआधी तू तिथे थोडी उसंत ठेवली होतीस. मी ठणकावून सांगितलं, जुना प्रोसेसर मंद होता, त्याला दम लागायचा म्हणून ही. नव्याला गरज नाही. आणि काढायला लावली. पुस्तकं उलटीपालटी करून शिकलेला माणूस मी, ‘मला माहीत नाही’ हे शब्द तोंडातून निघत नाहीत, तुला काय सांगायचं.

चाचणीला बागेतले गळलेले आंबे सोडले. यंत्राच्या तोंडाशी ते अडकले, पट्टा थांबला, आणि आंबे सोडणाऱ्या तुळसाबाईने सवयीने हात घातला. हात घालू नये अशी पाटी तिच्या डोक्यावरच आहे, मीच रंगवलेली. पण हंगामात सगळ्याच बायका घालतात, हे तू बघायचास, मी पाटीकडे बघायचो. आंबा निघाल्याचं नव्या प्रोसेसरला दिसलं आणि पट्टा तत्क्षणी सुटला. मी मोरी दाबली. हात बाहेर आला, बांगड्या आत राहिल्या. तुळसाबाई मनगट चोळत पॅनेलकडे बघून म्हणाली, "मजीदनं माज्या हातासाठी येवढा येळ राखून ठेवलान हुता. तो कोनी खाल्लान?"

तेव्हा मला कळलं. तू तिला पट्ट्याशी उभं करून, तिचा हात बाहेर यायला लागतो तेवढा वेळ धरला होतास. नावही तिच्या डब्यातल्या कालवांवरून. उसंत त्याच दुपारी परत घातली. शिवाय यंत्राच्या तोंडावर जाळी बसवली. ती उघडी असेतो पट्टा सुटतच नाही. तुळसाबाईला हिरव्या बांगड्या नेऊन दिल्या. घेतल्यान, पण अजून माझ्याशी धड बोलत नाही.

हाशिम सांगत होता, तिकडच्या कंपनीने नवी यंत्रं आणून तुला घरी पाठवलं, आणि आता तू कोणाला भेटत नाहीस. आपलं शिकलेलं जुनं झालं म्हणतोस. मजीद, जुनं झालं ते खोकं. ते कपाटात आहे. आपला प्रोग्राम नव्यात चालतोय. या नव्यात प्रत्येक ओळीशेजारी तिचं कारण लिहायला भरपूर जागा आहे. बाकी सगळ्या ओळींची कारणं मी लिहिली. कालवापुढची जागा कोरी ठेवलीय. मला लिहिता येतं, पण ती ओळ तुझी. हंगामात माझ्या जोडीला माणूस लागणार, मालकांना तुझं नाव सांगून ठेवलंय, आणि ते हो म्हणालेत. सोमवारी सकाळी ये. लॅपटॉप उघडून ठेवतो.

मोरीजवळ वाट बघत उभा असलेला,
तुझाच
बाळा