आईचा दिवा

बाबा,

मी सकाळच्या बसने सुप्याला जातेय. धवलची नोकरी राहते का, ते कंपनीत समोरासमोर विचारून येते. काल साहेब फोनवर म्हणाले, "ताई, ऑटिझम आहे म्हणून सांभाळून घेतलं. पण सोमवारी तुमचा भाऊ आला नाही, तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

पोहे झाकून ठेवलेत. त्याच्या ताटलीत मिरची येऊ देऊ नका.

तो हट्ट करत नाहीये, बाबा. आई गेली त्या दिवशी दमयंतीआत्याने त्याला सांगितलं होतं, "दिवा तेवतोय तोवर घराबाहेर पडायचं नाही." तेरावा केव्हाच झाला, तरी तुम्ही रोज त्यात तेल घालता. काल तो बूट घालून दारापर्यंत आला, कोपऱ्यातल्या दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अजून चालू आहे." मग बूट काढून जागेवर ठेवले.

आईने वर्षभर त्याला बसचा हा प्रवास शिकवला. आधी शेजारी बसून, मग मागच्या सीटवरून, शेवटी नुसती स्टॉपवर उभी राहून. तेवढंही आपल्या हातून टिकत नाहीये.

मी येईपर्यंत दिवा शांत करा. त्याच्यासमोर करा, म्हणजे त्याला कळेल.

मीच करणार होते. मघाशी चहा ठेवून दिव्यापाशी जाऊन बसले. तेल संपत आलं होतं, वात आपोआप विझणार होती, मला काहीच करावं लागणार नव्हतं.

मी तेल घालून उठले.

मनवा