बन्सीच्या बंदुकीचं वजन

१९ ऑगस्ट
यंदाही सतरा सप्टेंबरच्या सलामी पथकात माझं नाव आहे. मुक्तिसंग्राम दिन, स्मृतिस्तंभासमोर हवेत तीन फैरी. फैरीचं माझ्याइतकं टायमिंग अख्ख्या पोलीस मुख्यालयात कुणाचं नाही. हे मी म्हणत नाही, बन्सी म्हणायचा.

बन्सी आमच्याच पथकातला, सलामीला कायम माझ्या डावीकडे उभा. जुलैत गेला. सुट्टीवर शेंद्र्याला घरी होता. दाढी केली, आरसा खाली ठेवला आणि गेला. हार्ट. त्याची एसएलआर रायफल शस्त्रागारात पडून राहिली असती, म्हणून मी मागून घेतली. कुणीतरी घ्यायचीच होती. यात भावना वगैरे काही नाही.

शस्त्रागाराचे कडुबा हवालदार म्हणाले, घे की, बटावर नंबर त्याचाच हाय, पण ऐक राजकुमार... पुढचं ऐकायला मला वेळ नव्हता.

२१ ऑगस्ट, सराव
एसएलआर सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे निम्मं काम तीच करते, असा लोकांचा समज. पण सलामीला नुसत्या आवाजाचं काडतूस असतं. त्यावर ती आपोआप भरत नाही. प्रत्येक फैरीला कॉकिंग हँडल हातानं मागं ओढायचं, साडेचार किलोचं धूड वर धरून. मला सहज जमतं.

आज जमलं नाही. दमट हवा.

२४ ऑगस्ट
बटाच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या दस्त्याच्या, लाकडाला आवळ्याच्या तेलाचा वास येतो. बन्सी डोक्याला तेल लावून उरलेला हात लाकडाला पुसायचा. चकाकी येते म्हणे. साहेब ओरडायचे, हा हसायचा. खांद्याला बट लावला की वास थेट नाकात.

सरावात डाव्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "जड हाय रं." डावीकडे आता सोमनाथ उभा असतो, परभणीहून बदलून आलेला. त्याला विचारलं. म्हणाला, मी तर काहीच नाय बोललो, दादा.

आमचं घर विहारात जाणारं. भूतबीत आम्ही मानत नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

२५ ऑगस्ट
खांदा दुखतो. उशी बदलली.

२६ ऑगस्ट
उशीचा दोष नव्हता. रत्नमाला म्हणाली, अंत्ययात्रेत तुम्ही सगळ्यांना पाणी वाटत फिरला, रडला नाय, ते खांद्यात बसलंय. बायकांना प्रत्येक गोष्टीचं कारण रडण्यात सापडतं. मी म्हणालो, बंदूक जड आहे, बाकी काही नाही. म्हणाली, बंदूक तर वीस वर्षं उचलताय की.

ही बंदूक वेगळी आहे, हे तिला कसं सांगायचं?

२९ ऑगस्ट
सोक्षमोक्ष लावला. कडुबांना गळ घालून मेसचा भाजीचा काटा शस्त्रागारात आणवला. बन्सीची रायफल तोलली, शेजारची तोलली. दोन्ही सारख्या. कडुबा कपाळाला हात लावून म्हणाले, राज्या, लेका, तुझं डोकं ठिकाण्यावर हाय का? त्यांना परत काहीतरी सांगायचं होतं, पण मी काट्याकडे बघत होतो.

काटा खराब आहे. मेसच्या भाजीवरून मला हा संशय होताच.

३ सप्टेंबर
संकल्प: रोज पहाटे गव्हाची पिशवी खांद्यावर घेऊन मुकुंदवाडी स्टेशनपर्यंत चालायचं. वजन म्हणजे निव्वळ सवय.

४ सप्टेंबर
पाऊस.

५ सप्टेंबर
पाऊस नव्हता. पण गहू दळायला गेले होते.

६ सप्टेंबर, विसर्जन बंदोबस्त, शहागंज
हातात फक्त काठी. खांद्यावर काहीही नाही. तरी उजवा खांदा दिवसभर खाली. चहावाल्यानं विचारलं, साहेब, कंधे को क्या हुआ? मी म्हणालो, रायफल है. त्यानं खांद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा जरा जास्त ओतला.

ढोल वाजत होते, डीजे होता, कानठळ्या बसत होत्या. त्या सगळ्यात आवळ्याचा वास. गर्दीत हजार माणसं आवळ्याचं तेल लावतात, हे मी स्वतःला समजावलं. समजलंही. पण मी प्रत्येकाचं तोंड बघत होतो.

११ सप्टेंबर
सरावात आज बंदुकीला हळूच म्हणालो, बन्या, सतरा तारखेपुरती हलकी हो. हा बोलण्याचा प्रकार नाही, एकाग्रतेची पद्धत आहे.

१६ सप्टेंबर, संध्याकाळ
उत्तम तयारी. युनिफॉर्मला कडक इस्त्री. बूट आरशासारखे. उद्या माझी फैर अशी सुटेल की लोक वळून बघतील.

१७ सप्टेंबर
फैर सुटली नाही.

झालं ते असं. हुकूम आला, सगळ्यांनी हँडल ओढलं, सगळ्यांनी झाडली, कबुतरं उडाली. मी बंदूक वर धरून उभाच. दुसऱ्या फैरीला तेच. तिसरीलाही. इतक्या आवाजात एक कमी पडला हे कुणालाच कळलं नाही.

शस्त्रागारात काडतुसं जमा करताना कळलं. सगळ्यांची रिकामी, माझी तिन्ही भरलेली. मी म्हणालो, हँडल अडकलं. कडुबांनी ओढून पाहिलं. लोण्यागत चालतंय की, म्हणाले.

खरं इथं लिहितो, कुणी वाचणार नाही. इतकी वर्षं मी हुकूम कधी ऐकलाच नव्हता. डावीकडून बन्सी ओठ न हलवता म्हणायचा, "वढ, राज्या." मी ओढायचो. माझं टायमिंग ते एवढंच. आज मी त्याची वाट बघत होतो. तो म्हणालाच नाही. एवढे दिवस कानाशी कुजबुजला, आणि नेमका आज गप्प.

कडुबांना म्हणालो, ही बन्सीची बंदूक मला पेलत नाही. ते बाकावर बसले. म्हणाले, आरं बाबा, कवाचं सांगायलोय तुला. त्याची रायफल पुण्याला गेली दुरुस्तीला. हिचा बट तडकला व्हता, म्हनून त्याचा काढून हिला लावला. लाकूड तेवढं बन्सीचं. लोखंड समदं दुसरं.

म्हणजे महिनाभर मी भलत्याच बंदुकीशी बोलत होतो. लाकडाचं असं वजन ते किती असणार? बंदूक जमा केली. हात मोकळे. खांदा तसाच.

१८ सप्टेंबर, सकाळ
पेपरात फोटो आला. पथक छान दिसतंय. सगळ्यांच्या माना सरळ. एकट्या माझी डावीकडे वळलेली.

रत्नमालानं विचारलं, कुणाकडं बघताय वो? मी म्हणालो, सोमनाथकडे, तो नवीन आहे ना. ती जवळ आली. उजव्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

मग मला रडू आलं. लई आठवण येते त्याची. तेल डोळ्यांत गेलं असं तिला सांगणार होतो, पण आमच्या घरात आवळ्याचं तेल कुणी लावत नाही.