दुसऱ्या बेसवर कोझिक

११ जून, मंगळवार

काल हरलो. २–९.

कोझिक चार वेळा बॅट घेऊन गेला आणि चारही वेळा तसाच परत आला. सातव्या डावात एक साधा सरपटी चेंडू त्याच्या पायांमधून निघून गेला. गुडघा वाकतच नाही. शेजारी उबिएरा उभा होता. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली—पाहिलंच नाही असं. एकोणीस वर्षांचं पोर, पण रीत कळते.

सकाळी आठला नेहमीचा फोन. मी या बेसबॉल संघाचा मॅनेजर, तेव्हा तो मलाच करावा लागतो. पंचवीस खेळाडू, प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं. पलीकडे टाउली. मोठ्या संघाच्या कचेरीत बसतो आणि आमच्यासारख्या गावोगावच्या पोरांचं काय करायचं ते ठरवतो. धावा, चुका, सगळे आकडे तारेने त्याच्याकडे आधीच पोचलेले असतात. त्यात मला काही लपवता येत नाही. त्याला माझ्याकडून हवं असतं ते आकड्यांत नसलेलं.

"कोझिक?"

"गुडघा आखडला होता. गारठा होता."

"जूनमध्ये?"

"इथे असतो."

काल पोरं घामाने निथळत होती.

१३ जून, गुरुवार

काल जिंकलो, ५–४. उबिएराचे दोन लांब फटके. दुसरा कुंपणापलीकडे, कालव्यात. चेंडू सापडला नाही.

टाउली म्हणतो, नवीन भरतीची पोरं पुढच्या आठवड्यात येतायत, एक जागा रिकामी कर. "मी म्हणेन कोझिक. अठ्ठावीस वर्षांचा आहे. बॅट कधीच मेली, आता पायही गेले."

मी म्हणालो, त्याला काढलंत तर उबिएराशी बोलणार कोण? मला स्पॅनिश येत नाही. इथे कोणालाच येत नाही.

"दुभाष्यासाठी जागा अडवू मी?"

"दुभाष्या नाही. शिकवतो तो त्याला. सगळ्यांनाच शिकवतो."

तोंडातून निघून गेलं! कोझिक उबिएराला काय शिकवतो? हॉटेलात अंडी कशी मागायची, ते. दोन हिवाळे तिकडे खेळून आला म्हणून भाषा येते, एवढंच.

टाउली म्हणाला, "बरं. मग दुसरं नाव दे. पुढच्या गुरुवारपर्यंत."

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. कोझिक गेला तर या गावात मला बोलायला माणूस उरणार नाही. पोरं "हो स्किप, नाही स्किप" करतात—मॅनेजरला स्किपच म्हणतात—आणि सटकतात. तो बाकावर शेजारी बसतो, सूर्यफुलाच्या बिया फोडतो आणि माझ्याशी वाद घालतो. मार्चमध्ये मी त्याला सांगून बसलोय—सप्टेंबरपर्यंत तू माझा.

१६ जून, रविवार

हरलो, ०–६. कोझिक शून्य.

१८ जून, मंगळवार

परगावी. बसचं मागचं दार बंद होत नाही, मर्लने दोरीने बांधलंय. मर्ल आमचा मालीशवाला, ड्रायव्हर आणि प्रसंगी भटजी. काल हरलो, ३–४. शेवटच्या डावात एका चेंडूवर दोघे बाद व्हायला हवे होते. उबिएराने चेंडू वेळेत दिला. कोझिक वळला, पण गुडघा त्याच्याबरोबर वळला नाही.

बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला. खिडकीबाहेर बीटची शेतं, मैलोन्‌मैल.

"स्किप, मी संपलोय का?"

"नाही."

"तंबाखू चघळणं थांबवलंत तुम्ही."

"मग?"

"खोटं बोलताना थांबवता. सगळ्यांना माहीत आहे. उबिएरालासुद्धा."

मी पुन्हा चघळायला लागलो. तो हसला. म्हणाला, "माझा बाप खाणीत होता. त्याच्या मुकादमाने पण असंच 'नाही' म्हटलं होतं. महिन्याभरात घरी बसवलं."

"मी तुला घरी बसवणार नाही."

"बसवा हो. फक्त आधी सांगा. बायकोला कळवायला लागेल, ती भाड्याच्या घराचे पडदे शिवतेय."

मी पुढच्या सामन्याचा विषय काढला.

२० जून, गुरुवार

टीगला संघातून मोकळं केलं.

वीस वर्षांचा. पिचर, चेंडू फेकणारा. हात चांगला, पण चेंडू वर राहतो, आणि फटके खातो. अजून एक उन्हाळा मिळाला असता तर खाली आला असता—कदाचित. मी टाउलीला सांगितलं, नाही येणार. मला माहीत नव्हतं तरी सांगितलं. कोणाचं तरी नाव द्यायचं होतं.

मर्लने कपड्यांच्या खोलीत जाऊन त्याला सांगितलं, स्किप बोलावतोय. भिंतीपलीकडचा गलका थांबला. टीग आला तो हसतच. त्याला वाटलं, वरच्या संघात बोलावलं!

मग म्हणाला, "काय चुकलं, सांगा. मी करतो ना. दिवसभर करतो."

"काही चुकलं नाही."

"मग?"

त्याने शर्ट घडी करून टेबलावर ठेवला. नंबर वर येईल अशी घडी.

२१ जून, शुक्रवार

टीगचा बाप ट्रक घेऊन आला. रात्रभर चालवत आला असणार, डोळे लाल होते. मला वाटलं शिव्या देईल. गाडीतून एक मोठा हॅम काढला, कापडात गुंडाळलेला. "बायकोने दिलाय. तुम्ही पोराला जपलंत. पत्रात लिहायचा तुमच्याबद्दल."

मी म्हणालो, चांगला मुलगा आहे.

"चांगला आहे, पण पुरेसा नाही, होय ना? खरं तेच सांगितलंत, बरं झालं. नाहीतर पोरं तिशीपर्यंत आशेवर राहतात. गावात आहेत तसले दोघं."

हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. टीग ट्रकमध्ये बसून समोर बघत होता.

रात्री जिंकलो, ७–१. हॅम मर्लने कापला. सगळ्यांनी खाल्ला. कोझिकने नाही. "मला भूक नाही," म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही.

४ जुलै, गुरुवार

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, मैदान भरलेलं. चर्चच्या बायकांचे चेरीचे केक तिसऱ्या डावातच संपले. हरलो, ४–११.

एकही सामना न चुकवणारी हप बाई नेहमीच्या जागेवर, गायीच्या गळ्यातली घंटा घेऊन. "ए कोझिक! गुडघ्याला वंगण लाव रे! ट्रॅक्टरचं आणलंय मी!"

कोझिक वळून, टोपी काढून: "आणा बाई! आधी तुमच्या घंटेला लावा, मग उरलं तर मला!"

लोक हसले, तीही हसली. पुढच्याच चेंडूवर तो चुकला, आणि कोणी हसलं नाही.

फटाके उडाले तेव्हा उबिएराने त्याला काहीतरी विचारलं. कोझिकने उत्तर दिलं आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. तो हात तिथेच राहिला, फटाके संपेपर्यंत.

सकाळी टाउलीला हे सांगितलं. जरा वाढवूनच. म्हणालो, पोर घाबरलं होतं, कोझिकने सावरलं, संघ त्याच्याकडे बघून चालतो.

१२ जुलै, शुक्रवार

सलग पाच हरलो. टाउली विचारतो, "तू काय करतोयस तिकडे, ऑरिन?"

मी काय करतोय? चेंडू टाकतो, पोरांना ओरडतो, बस सुटायची वाट बघतो. अठ्ठावन्न वर्षांचा झालो. घरी परत जायचं म्हणजे बहिणीच्या तळघरातली खोली.

हे काही बोललो नाही. कोझिकबद्दल बोललो. समोरच्या पिचरच्या खुणा त्याने ओळखल्या. (मी ओळखल्या.) कॅचरला कुठे बसायचं ते त्याने दाखवलं. (मी दाखवलं.) त्याची बॅट शंभरात वीसही लागत नाही, ते टाउलीसमोर छापील आहे. मग दुसरं काय सांगणार? माझ्याजवळ जे होतं ते त्याच्या नावावर घातलं.

"हं," टाउली म्हणाला. "अजून सांग."

कंटाळला असावा.

१४ जुलै, रविवार

हरलो, ५–६. कोझिकचा एक फटका! पहिल्या बेसवर पोचला आणि गुडघे धरून उभा राहिला. मर्लने बाकावरून टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. नजर लागेल असं वाटलं.

२३ जुलै, मंगळवार

उबिएरा गेला. वरच्या संघात. सहाव्या डावाच्या मध्येच मर्ल फोनवरून धावत आला, मी पोराला मैदानातून आत बोलावलं. त्याला काही कळेना. वाटलं, काहीतरी चूक केली. कोझिक त्याच्यापर्यंत धावत गेला, त्या गुडघ्यावर, आणि मैदानाच्या मध्यात त्याला मिठी मारली. मग सगळ्यांना कळलं. हप बाईंनी घंटा वाजवली.

हरलो, २–३. कोणाला पर्वा नव्हती. मला होती. कोझिकला ठेवायला आता कारण उरलं नाही.

२४ जुलै, बुधवार

टाउलीने विचारायच्या आत मीच सुरुवात केली. नवीन पोरं आलीत, बुजलेली आहेत, कोझिक त्यांना घडवतोय. रोज तासभर आधी येतो. हे तर खरंच आहे—गुडघा शेकायला येतो.

"पोरं त्याचं ऐकतात?"

"माझ्यापेक्षा जास्त."

"आणि तो चिडत नाही, खेळता येत नाही म्हणून?"

"तसा माणूस नाही तो."

पलीकडे कागदाची सळसळ. दुसऱ्या कोणाबद्दल विचारलंच नाही. मी सुटलो. आज काढत नाहीत त्याला.

२८ जुलै, रविवार

हरलो, १–८. कोझिक शून्य. गुडघ्यात पाणी झालंय, मर्ल म्हणतो.

३१ जुलै, बुधवार

हरलो.

टाउली म्हणाला, मैदानावर एक माणूस येऊन गेला, आमचाच, तुला कळवलं नव्हतं. चार दिवस बसला होता. "तू सांगतोस त्यातलं बरंच खरं आहे," म्हणाला. "नवीन पोरं कोझिकभोवती घोळका करून असतात."

असतात का? मी आज लक्ष देऊन पाहिलं. सरावानंतर तीन-चार जण त्याच्याभोवती बसले होते. तो जमिनीवर बोटाने काहीतरी काढून दाखवत होता. मी जवळ गेलो. दुहेरी बादसाठी पाय कुठे टाकायचा, ते. बरोबर सांगत होता. त्याला स्वतःला आता येत नाही ते.

मी हे सगळं खोटं म्हणूनच सांगत होतो.

३ ऑगस्ट, शनिवार

जिंकलो, ६–२! काल आणि आज, सलग दोन.

कोझिकला खेळवलं नाही, गुडघ्याला विश्रांती म्हणून. पूर्ण सामना माझ्या शेजारी. इतक्या दिवसांत एवढं बोललो नव्हतो. तो एकेक विचारत गेला. कुठला पिचर कितव्या डावात थकतो, हे मी कसं ओळखतो? (खांद्यावरून नाही, टोपीवरून. थकला की सारखी टोपी काढतो.) मर्लला किती अधिकार द्यायचा? पोर रडलं तर काय करायचं? बस कुठे थांबवायची, कुठल्या हॉटेलात अंडी शिळी असतात? मी सगळं सांगितलं. एकदा हसता हसता तंबाखू गिळली.

"तुम्हाला कधी कंटाळा नाही आला, स्किप?"

"येतो. हिवाळ्यात येतो."

त्याने एक बी फोडली. मग म्हणाला, "टीगला काढलंत तेव्हा काय बोललात? म्हणजे नेमकं काय बोलायचं असतं अशा वेळी?"

मी म्हणालो, थोडक्यात सांगायचं आणि त्याच्या डोळ्यांत बघायचं. डोळ्यांत बघणं मला जमलं नव्हतं, ते सांगितलं नाही.

जाताना त्याने खांद्यावर हात ठेवला. या उन्हाळ्यातला चांगला दिवस. सप्टेंबरपर्यंत निभेल आता, दोघांचंही.

४ ऑगस्ट, रविवार

आज फोन टाउलीनेच केला. कोझिकला खेळाडूंतून मोकळं केलंय. उद्यापासून माझ्या जागी मॅनेजर तो. माझं मार्चमध्ये बघू, काही निघालं तर.

"तुझ्याच शब्दांवर ठरवलं, ऑरिन. दोन महिने तू दुसऱ्या कोणाबद्दल बोललाच नाहीस."

त्याला विचारलंत का, मी म्हणालो.

"गुरुवारीच. लगेच हो म्हणाला."